कोड मागू नका, कॅस्टर बघा

फोर्झा या गाड्यांच्या व्हिडिओ गेममधल्या ड्रिफ्टची, म्हणजे गाडी आडवी सरकवत वळण काढण्याची, एखादी बरी क्लिप टाकली की खाली पहिली कमेंट ठरलेली: "दादा, ट्यूनचा कोड?" ट्यून म्हणजे गाडीच्या सगळ्या सेटिंगचा संच. घणसोलीचा माझा भाचा तर "मामा" म्हणायच्या आधी कोड मागतो. मी देत नाही. लोकांना वाटतं हा भाव खातोय. वाटू दे.

कोड देऊन होतं काय ते सांगतो. फोर्झा होरायझन ५ मध्ये ९ आकडी शेअर कोड टाकला की दुसऱ्याची ट्यून आपल्या गाडीत येते, पण तिच्यातले आकडे बघता येत नाहीत. सगळं कुलूपबंद. गाडी आवडली तर का आवडली ते कळत नाही आणि नाही आवडली तर नेमकं काय हलवायचं तेही कळत नाही. मग पोरं काय करतात, दुसरा कोड शोधतात. मग तिसरा. गॅरेजमध्ये एकाच निसान सिल्व्हियावर ढीगभर ट्यून पडलेल्या आणि एकीतही गाडी शेवटपर्यंत आडवी राहत नाही. वर दोष कुणाला? गेमच्या फिजिक्सला.

ड्रिफ्ट किंवा रेस सस्पेन्शन बसवलं की अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांच्या कोनांचं पान उघडतं. त्यात ५ पट्ट्या असतात: कॅम्बर पुढचा आणि मागचा, टो पुढचा आणि मागचा, आणि कॅस्टर फक्त पुढचा. कॅम्बर आणि टो उणे ५ ते अधिक ५ अंश, कॅस्टर १ ते ७. कॅम्बर म्हणजे गाडीकडे समोरून बघितलं तर चाकाचा माथा आत कललाय की बाहेर. आत असेल तर निगेटिव्ह. टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, चवडे आत किंवा बाहेर टाकून चालणारी माणसं असतात ना, तसं. कॅस्टर बाजूनं दिसतो. ज्या अक्षाभोवती चाक वळतं तो मागे किती रेललाय ते. तुमच्या सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो, तोच कॅस्टर.

इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. घोळ पुढे आहे. सगळेजण या पाच पट्ट्या पाच वेगवेगळी बटणं असल्यासारख्या हलवतात. "पुढे कॅम्बर मायनस ५ टाक, सगळे तेच टाकतात." अरे पण का? ज्याला विचारावं तो म्हणतो "ग्रिप मिळते." मग रेसच्या गाडीला उणे एक-दीडमध्ये ग्रिप कशी मिळते? तिला पण मायनस ५ टाकून बघ, ब्रेक मारलास की गाडी थांबायलाच तयार नसेल, कारण टायरची फक्त आतली कड रस्त्यावर टेकलेली असेल.

आता जरा डोळ्यांसमोर आणा. डावीकडचं वळण आहे. गाडी आडवी सुटलीये: नाक डावीकडे, आत, शेपूट उजवीकडे, बाहेर. आणि पुढची चाकं? ती उजवीकडे वळलेली, कारण आपण उलटं स्टिअरिंग मारलंय. गाडीचं वजन बाहेरच्या अंगाला, म्हणजे पुढच्या उजव्या चाकावर. साध्या वळणात हे बाहेरचं चाक डावीकडे वळलं असतं आणि कॅस्टरमुळे त्याचा माथा आपोआप आत कलला असता, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर फुकटात. ड्रिफ्टमध्ये तेच चाक उजवीकडे वळलंय, तेव्हा कॅस्टर त्याचा माथा बाहेर ढकलतो. किती ढकलतो? दहावीतलं साइन आठवा. कॅस्टर ७ अंश आणि चाक ४० अंश वळलेलं असेल, तर ७ गुणिले ०.६४, म्हणजे साधारण साडेचार अंश. हिशेब ढोबळ आहे, पण कामाला पुरतो. त्यावर बॉडी बाहेरच्या अंगाला झुकते, तिचाही थोडा वाटा पडतो.

म्हणजे उभ्या गाडीत जो कॅम्बर मायनस ५ दिसतो, तो ऐन ड्रिफ्टमध्ये, ज्या चाकावर सगळा भार आहे तिथे, शून्याच्या आसपास येऊन बसतो. टायर सपाट टेकतो आणि पुढची बाजू धरून ठेवतो. मायनस ५ ची सगळी जादू एवढीच, आणि ती कॅस्टर ७ सोबतच चालते. कॅस्टर ४ वर आणलात तर तोच हिशेब अडीच अंशांचा होतो. तेव्हा मायनस ५ ठेवलात तर लॉकवरसुद्धा, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी, टायर आतल्या कडेवरच घासत राहणार आणि गाडी नाकानं सरळ बाहेर जाणार. पोरं म्हणतात "अंडरस्टिअर होतंय" आणि पुढच्या टायरची हवा कमी करत बसतात. हवेचा काय संबंध!

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर ही एकच सेटिंग समजा. आधी कॅस्टर ठरवा, तो हाताला कसा लागतो त्यावर. मग कॅम्बर त्याच्या हिशेबानं लावा. आणि हे माझ्या शब्दावर सोडायची गरज नाही. गेममधली टेलिमेट्री, म्हणजे गाडीचे चालू आकडे दाखवणारा पडदा, चालू करा, प्रत्येक चाकाचा कॅम्बर तिथे जिवंत हलताना दिसतो. गेममधल्या स्टेडियमच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गोल ड्रिफ्ट धरून ठेवा आणि एक डोळा बाहेरच्या पुढच्या चाकाच्या आकड्यावर. शून्य ते उणे एकच्या मध्ये घुटमळत असेल तर तुमचं जमलं. अधिकमध्ये जात असेल तर कॅम्बर अजून उणे करा. उणे तीनवर अडकला असेल तर तुम्ही उगाच मायनस ५ चा जप करताय.

कॅस्टर हाताला कसा लागतो, यातच माझी कोडवरची खरी तक्रार आहे. मी लॉजिटेकचं जी २९ वापरतो. गिअरवर चालणारं, ९०० अंश फिरणारं व्हील, म्हणजे गेम खेळायचं स्टिअरिंग. जेवणाच्या टेबलाला क्लॅम्प लावायचा, खाली जुन्या सतरंजीची घडी घालायची, नाहीतर लाकडाला वळ उठतात आणि मग आईचं ऐकून घ्यावं लागतं. ड्रिफ्टमध्ये शेपूट सुटली की व्हील स्वतःहून उलटं फिरायला लागतं. तो कॅस्टरचा जोर. हात सोडून सायकल चालवताना हँडल आपलं आपण सरळ होतं, तोच प्रकार. प्रश्न असा की गिअरचं व्हील फिरून फिरून किती वेगात फिरणार? कॅस्टर ७ वर ते खडखडत येतं, पण गाडी दिशा बदलते त्याच्या वेगाला पुरत नाही, उरलेलं हातानं ओढावं लागतं. खारघरच्या माझ्या मित्राकडे डायरेक्ट ड्राइव्ह आहे, मोटर थेट दांड्यावर. त्याच्याकडे तोच कॅस्टर ७ अंगठा मोडेल इतक्या जोरात फिरतो. गाडी एक, ट्यून एक, हात दोन. त्यानं सहावर आणलंय, मी सातवर ठेवून व्हीलचं रोटेशन ५४० अंशांवर उतरवलंय. आणि भाचा खेळतो पॅडवर, हातातल्या कंट्रोलरवर, तिथे अर्धं उलटं स्टिअरिंग गेमच लावून देतो. मग आम्हा तिघांना एक कोड कसा चालेल?

मागच्या बाजूला फार काही नाही. मागच्या टायरनं एकच काम करायचंय, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे ढकलायची. त्यासाठी तो सपाट टेकायला हवा. जोर दिला की गाडी मागून बसते आणि बसताना मागचा कॅम्बर स्वतःहूनच उणेकडे सरकतो. म्हणून उभ्या गाडीत शून्य ते उणे एक पुष्कळ झालं. मागे मायनस ५ टाकून फोटो छान येतो, चाकं फेंगाडलेली, स्टान्स वगैरे. फोटोच काढायचे असतील तर टाका.

टो मात्र विचित्र प्रकरण आहे. अर्धा अंश हलवला तरी गाडीचा स्वभाव बदलतो, आणि या पट्टीवर अधिक म्हणजे बाहेर, उणे म्हणजे आत, हे आधी लक्षात ठेवा. कितीतरी जण इथेच उलटे जातात. पुढे थोडा टो-आऊट दिला की नाक चटकन उचल घेतं आणि उलट्या लॉकवर भाराचं चाक अजून जरा जास्त वळतं, म्हणजे अँगल, गाडी किती आडवी होते तो कोन, वाढतो. जास्त दिला की दोन्ही चाकं एकमेकांशी भांडतात, टायर घासतो, वेग मरतो. हे गोल फिरताना कळत नाही. त्यासाठी गेममधल्या ला ग्रान काल्देरावर जा, ज्वालामुखीचा तो घाट, आणि वरून खाली डावं-उजवं करत या. डावीकडून उजवीकडे गाडी फेकतानाचा जो क्षण असतो, सगळा टो तिथे बोलतो. एका फेरीत एकच पट्टी हलवायची. दोन हलवल्यात तर काय कशानं झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"एवढं कोण करतं, खेळच आहे ना?" हे मला अनेकजण म्हणतात आणि त्यांचं चूक नाही. दिवसभर लोकलमध्ये लटकून घरी आलेल्या माणसाला अर्धा तास मिळतो, त्यात त्यानं साइन काढत बसावं असं मी म्हणणार नाही. कोड टाका, मजा करा. माझा राग आहे तो चॅनेल काढून "सर्वोत्तम ड्रिफ्ट ट्यून" विकणाऱ्यांवर. व्हिडिओभर संगीत आणि धूर, शेवटी कोड. तीन वाक्यं कॅम्बरवर बोलायला काय जातं?

आणि खेळ असला तरी यातली भूमिती खोटी नाही. घोडबंदर रोडवरून रोज ये-जा करणाऱ्यांना टो वेगळा शिकवायला नको, मेट्रोच्या कामाच्या बॅरिकेडमधून आणि गायमुखच्या खड्ड्यांमधून गाडी काढली की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतंच. माजिवड्याच्या पुढे मी ज्या कारागिराकडे अलाइनमेंटला जातो, तो मशीन लावायच्या आधी पुढच्या टायरवर तळहात फिरवतो. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत सरकतो आणि उलट दिशेला रबराच्या कडा करवतीसारख्या हाताला लागतात. "टो गेलाय," एवढंच म्हणतो. त्यानं माझाही हात धरून टायरवर फिरवला होता. रबराला धार असते हे तोवर मी फक्त वाचलं होतं. मग पडद्यावर लाल आकडे येतात, तो खाली टाय-रॉडचा नट सैल करून अर्धा आटा फिरवतो आणि लाल हिरवं होतं.

बहुतेक छोट्या हॅचबॅकना कारखान्यातून पुढचा टो तेवढाच हलवायची सोय असते. कॅम्बर आणि कॅस्टर जो आहे तो आहे. हे माहीत असलं की निदान पावतीवरची ओळ वाचता येते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांना एका दुकानात "कॅस्टर ॲडजस्ट केला" म्हणून वेगळे पैसे लावले होते. कशानं केला, विचारा म्हटलं. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, पैसे परत मिळाले.

हो, एक राहिलं. दर वेळी कुणीतरी विचारतंच, "पाम बीचवर करून बघायचं का?" नाही. त्या रस्त्यावर रात्री काय काय झालंय ते नवी मुंबईकरांना सांगायला नको. रस्त्यावर शर्यत लावणं आणि बेदरकार गाडी हाणणं मोटार वाहन कायद्यात गुन्हा आहे. शिवाय तुमची स्विफ्ट फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे. मागची चाकं नुसती फिरतात, ढकलत नाहीत. हँडब्रेक ओढून जे होतं त्याला ड्रिफ्ट नाही म्हणत, डिव्हायडरवर जाणं म्हणतात.

आता माझं आणि खारघरच्या मित्राचं एक भांडण सुटलेलं नाही, ते इथे टाकतो. विषय मागचा टो. तो म्हणतो अर्धा अंश आत हवाच, म्हणजे लांब ड्रिफ्टमध्ये शेपूट स्थिर राहते आणि जोर पुढे लागतो. मी म्हणतो शून्य, किंवा फार तर ०.१ आत, कारण अर्ध्या अंशात घाटावर दिशा बदलताना गाडी आळशी होते, शेपूट यायला वेळ लावते. तो मोठ्या अँगलनं, कमी वेगात खेळतो. मी वेगात, थोड्या अँगलनं. बहुतेक दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण हे मी त्याच्यासमोर कबूल करणार नाही. शनिवारी तो ठाण्याला येतोय, स्वतःचं व्हील घेऊन. ज्यांचा मागचा टो अर्ध्याच्या वर आहे त्यांनी गाडी कुठली, पॅड की व्हील, आणि कुठल्या रस्त्यावर खेळता ते खाली लिहा. मला त्याच्याविरुद्ध मुद्दे हवेत.