घासू नका रे ती नाणी, हात जोडतो!

मावसभावाने काल रात्री फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "दादा, बघ कशी नव्यासारखी झाली!" नव्यासारखी म्हणे! बांध सरळ करताना शिवराई सापडली, तर पठ्ठ्याने ती रात्रभर चिंचेच्या कोळात भिजत घातली आणि सकाळी तारेच्या घासणीने खसाखसा घासली.

आधीचा फोटो माझ्याकडे आहे. त्यात हिरवट-काळ्या थरात 'श्री राजा शिव'च्या तिन्ही ओळी स्पष्ट आहेत. 'शि'ची वेलांटी पार काठाला टेकलेली, बाजूने ठिपक्यांची माळ. आणि आता? गुलाबी तांब्याची चकती. 'राजा'तला 'रा' अर्धा उरलाय, ठिपके सपाट झालेत. मागे 'छत्र' कसंबसं वाचता येतंय, खालचं 'पति' साफ गेलं. त्यावर घासणीचे आडवेतिडवे ओरखडे. शिवरायांचं नाव कोरलेलं नाणं हाती येतं आणि आपण ते पुसून टाकतो? संताप होतो नुसता!

अरे, ती घाण नव्हती! मातीतल्या ओलीने आणि क्षारांनी तांब्याचा वरचा थरच बदलत जातो, त्याचाच तो पापुद्रा बनतो. अक्षरं बरेचदा त्या पापुद्र्यातच टिकून असतात. आंबट घातलं की पापुद्रा विरघळतो, अक्षरंही जातात आणि खाली खड्डे पडलेला धातू राहतो. एवढं करून वर विचारतोय, "किती येतील रे याचे?" जाणकार संग्राहक असं घासलेलं नाणं हातात घेतो आणि परत ठेवून देतो.

आणि ते व्हिडिओवाले! लिंबू, व्हिनेगर, कोला, टूथपेस्ट, जे हाताला लागेल ते ओततात. सातवाहनांची शिशाची नाणीसुद्धा व्हिनेगरमध्ये बुडवतात. शिसं व्हिनेगरने खाल्लं जातं आणि ते विषारी असतं, हे कोण सांगणार? चांदीचं नाणं दिसलं की तेजाबात बुडवणारे सराफ तर गावोगाव आहेत. दर लक्ष्मीपूजनाला राखेने घासून घासून आमच्या घरातले राणीछाप रुपये असे गुळगुळीत झालेत की राणीचं नाकही शोधावं लागतं.

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला शक राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपान हरला, हे एकाच नाण्यावरच्या त्या दोन ठशांवरून कळतं. ती कुणी अशी लख्ख करत बसलं असतं तर खालचा ठसा दिसला असता का?

माती काढायचीच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. मऊ ब्रश, बांबूची काडी आणि भिंग, बस्स. शिशाच्या आणि नाजूक नाण्यांना तेही नको. तांब्याच्या नाण्यावरून फिकट हिरवी पूड झडत असेल तर रोग लागलाय. ते कोरडं, वेगळं ठेवून जाणकाराला दाखवा. आणि हंडाभर सापडली तर साफसफाईचा विचारही नको, आधी कलेक्टरला कळवा. गुप्तधनाचा कायदा १८७८ पासून आहे.

आत्ताच भावाचा मेसेज आला, बांधात अजून चार-पाच निघालीत. पाण्याचा थेंबही लावायचा नाही, कागदात गुंडाळून तशीच ठेव, रविवारी मी येतोय. आणि मावशीला सांग, चिंच लपवून ठेव!