रोजा न धरणाऱ्यांबद्दल

"पोरी, ही दुपारची गोळी सहरीला घेऊ की इफ्तारला?"

सहरी म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्याआधीचं खाणं, इफ्तार म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडणं. रमजान तोंडावर आला की हा प्रश्न आमच्या काउंटरवर दिवसातून दहादा येतो. मुंब्र्यात, कौशाला, औषधांच्या दुकानात मी १४ वर्षं उभी आहे. चंद्राचं वर्ष १०-११ दिवसांनी तोकडं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. मी कामाला लागले तेव्हा तो भर पावसात यायचा, आता फेब्रुवारीत आलाय. ऋतू बदलला, प्रश्न तोच राहिला. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांना मला सांगावंसं वाटतं, चाचा, गोळीची वेळ नंतर बघू, आधी रोजा झेपेल का ते डॉक्टरांना विचारा. आणि तेही चंद्र दिसल्यावर नाही, दीड-दोन महिने आधी.

हे लिहायला मला वर्ष लागलं, कारण ते माझ्याच घरात घडलंय.

अम्मीला १९ वर्षं शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. गेल्या रमजानमध्ये सतराव्या रोज्याला मी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजच्या सुमारास घरी आले, तर ती जानमाजवर, नमाजच्या चटईवर, एका कुशीला कलंडलेली. ओढणी घामाने चिंब, बोलणं अडखळतंय. मशीनवर शुगर फक्त ४८. मी साखरेच्या पाण्याचा चमचा तिच्या ओठांना लावला आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हात थरथरत होते, माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण रोजा आहे एवढं तिला आठवत होतं. भावाने तिला उठवून छातीशी धरलं, अक्षरशः विनवण्या केल्या, तेव्हा कुठे घोट घोट पाणी पोटात गेलं. अर्ध्या तासाने ती माणसात आली. पहिलं वाक्य : "माझा रोजा मोडलास तू."

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही.

रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले ते हिजरी सन २ मध्ये. कुराणातली ती आयत, दुसऱ्या सूरेतली १८३ वी, आमच्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असते. रोजा कशासाठी, तर तक्वा यावा म्हणून, म्हणजे अल्लाह बघतोय हे भान उठता-बसता राहावं म्हणून. भूक हा तिथला रस्ता आहे, मुक्काम नाही. पण तिच्या पाठोपाठच्या दोन आयती आपण घाईने ओलांडतो. जो आजारी आहे किंवा प्रवासात आहे, त्याने ते दिवस पुढे भरून काढावेत. ज्याला झेपणारच नाही, त्याने एका रोज्याबदली एका गरिबाला जेवण द्यावं. हाच फिदया. आणि मग ते वाक्य, की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं ते हवंय, अवघड नकोय. हुकूम आणि सवलत एकाच दमात आलेत. सवलत मागाहून कुणी दया येऊन चिकटवलेली नाही. मग एक मानायचं आणि दुसरं मानताना लाजायचं, हे कुठून आलं?

हदीसमधला, म्हणजे नबी मुहम्मदांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतला, एक प्रसंग मी अम्मीला तीनदा वाचून दाखवला. हिजरी सन ८, मक्का जिंकली ते वर्ष. नबी मदिनेहून निघाले तेव्हा रमजान चालू होता आणि सगळ्यांचे रोजे होते. वाटेत त्यांना सांगितलं गेलं, की लोकांना जड जातंय, ते तुमच्याकडे बघून थांबलेत. असर झाल्यावर नबींनी पाण्याचं भांडं मागवलं, सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि प्यायले. मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजला, थोडाच वेळ उरला होता. नंतर कळलं, काही जणांनी तरीही रोजा सोडला नाही. त्यांना शाबासकी मिळाली नाही. "हे नाफरमान, हुकूम न मानणारे आहेत," असं नबी म्हणाले, आणि दोनदा म्हणाले.

हे ऐकून अम्मी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण लोक काय म्हणतील?"

खरं दुखणं इथेच आहे. नमाज दिसते. जकात घेणाऱ्याच्या हाताला कळते. हजला तर अख्खं गाव निरोप द्यायला येतं. रोजा मात्र दिसत नाही. बंद दाराआड घोटभर पाणी प्यायलं तर जगात कुणाला कळणार नाही, आणि तरी माणूस पीत नाही. म्हणूनच हदीसमध्ये अल्लाह म्हणतो, रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देणार. इतकी खाजगी इबादत दुसरी नाही. आणि आपण नेमकी तिचीच चौकशी करत फिरतो. "कितवा चाललाय?" "सगळे झाले ना?" "चेहरा टवटवीत दिसतोय, रोजा नाही वाटतं?"

बायकांना हा जाच सगळ्यात जास्त. पाळीच्या दिवसांत रोजा नाही, ही सवलतसुद्धा नाही, मनाईच आहे. ते दिवस नंतर कजा करायचे, म्हणजे पुढे भरून काढायचे असतात. हे घरातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक असतं, तरी त्या पाच दिवसांत कितीतरी घरांत बाई सहरीला सगळ्यांबरोबर उठून बसते, दिवसभर कोरड्या तोंडाने वावरते, स्वयंपाकघराच्या दारामागे उभ्या उभ्या पोळीचा तुकडा तोंडात टाकते आणि पाण्याचा आवाजही होऊ देत नाही. मी हे लहानपणी दादीला करताना पाहिलंय, मोठी होऊन स्वतः केलंय. आणि दुकानात मुली येतात, मागच्या गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये म्हणून काउंटरवर वाकून विचारतात, "पाळी पुढे ढकलायची गोळी आहे?" तिसाच्या तीस रोजे पुरे व्हावेत म्हणून. चिठ्ठीशिवाय मी ती गोळी देत नाही. पण गोळी नाकारताना प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगते, की तुझ्या हिशेबात काही कमी पडलेलं नाही. ज्याने रोजा फर्ज केला त्यानेच तुला थांबायला सांगितलंय. ऐकलं की काहींचे डोळे भरतात. मुलांनो, बाबांनो, तुमच्या घरातल्या बाईला एवढं करा : दुपारी तिच्यासाठी ताट झाकून ठेवा आणि एक शब्द विचारू नका.

माझी नौपाड्यातली मैत्रीण हे सगळं ऐकून म्हणाली, तिच्या सासूबाईंचं आषाढी एकादशीला हुबेहूब असंच होतं. बीपीची गोळीसुद्धा पाण्याबरोबर घ्यायची नाही म्हणतात. श्रद्धा वेगळी, हट्टाचं रूप एकच.

मला कुणी चुकीचं समजू नये. मी स्वतः सगळे रोजे धरते. संध्याकाळच्या लोकलमध्ये कळवा सुटलं आणि मगरिबची वेळ झाली की डब्यात अनोळखी हात खजूर पुढे करतात, तो पहिला घोट घशाखाली उतरतो, त्या क्षणाइतकं हलकं मला वर्षभरात कधी वाटत नाही. ते सुख अम्मीकडून हिरावून घ्यायची मला हौस नाही. ज्यांची शुगर ताब्यात आहे आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय, त्यांनी जरूर धरावेत. फक्त बोट टोचून शुगर तपासत राहा, त्याने रोजा तुटत नाही. आणि आकडा ७० च्या खाली गेला तर मगरिबला दहा मिनिटं असोत की दोन तास, सोडा.

अम्मीला या वर्षी डॉक्टरांनी नाही म्हटलं. ती ऐकेल असं वाटलं नव्हतं. आम्ही मूळचे खेडचे, कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफईंची परंपरा मानणारे. आमच्यात फिदयाचं माप आहे मुद, म्हणजे मध्यम हातांची भरलेली ओंजळ, घरात जे धान्य खातात त्याची. आमच्याकडे अर्थातच तांदूळ. पहिल्या सहरीला ती नेहमीसारखी आमच्याआधी उठली. भाकऱ्या थापल्या, आम्हाला वाढलं. फजरची नमाज झाल्यावर तांदळाच्या डब्याशी बसली, दोन्ही हातांनी एक ओंजळ काढली आणि वेगळ्या पातेल्यात सोडली. मग परत चार दाणे उचलून टाकले, हात लहान आहेत म्हणाली. नंतर आमच्यासमोर बसून चहा-बिस्किट घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही.

काल बारावी ओंजळ झाली. पातेलं कुणाच्या घरी जातं ते तिने आम्हालाही सांगितलेलं नाही.