राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे

‘बँकांनी बड्या उद्योगपतींची कर्जं राइट-ऑफ केली, म्हणजे माफ केली. आता त्यांना एक रुपयाही भरावा लागणार नाही.’ असा मेसेज दर काही महिन्यांनी नव्या आकड्यासह फिरतो. आकडा पुष्कळदा खरा असतो, त्याचा लावलेला अर्थ मात्र चुकीचा.

‘माफ केली.’ नाही. कर्जमाफीत कर्जदाराचं देणंच संपतं आणि ते कोणीतरी भरतं. महाराष्ट्रात 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत 2 लाखांपर्यंतचं पीककर्ज राज्य सरकारने बँकांना भरलं. राइट-ऑफमध्ये, म्हणजे थकलेलं कर्ज बँकेच्या ताळेबंदातून काढून टाकण्यात, कोणीच काही भरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या परिपत्रकानुसार तांत्रिक राइट-ऑफ फक्त हिशेबापुरतं असतं: कर्जदाराच्या खात्यावर थकबाकी तशीच उभी राहते आणि बँक आपला हक्क सोडत नाही. गहाणखत कायम, जामीनदारही बांधलेलाच.

‘एका सहीत एवढा पैसा बुडवला.’ तोटा त्या सहीच्या बराच आधी, टप्प्याटप्प्याने नफ्यातून वजा झालेला असतो. समजा 1 कोटीचं कर्ज आहे आणि तारणाची किंमत 60 लाख. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (अनुत्पादक कर्ज) होतं आणि 15 टक्के, म्हणजे 15 लाखांची तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम संभाव्य तोट्यासाठी नफ्यातून बाजूला काढावी लागते. वर्षभराने खातं ‘संशयित’ वर्गात जातं. तेव्हा तारण नसलेल्या 40 लाखांची पूर्ण आणि तारणाच्या 60 लाखांवर 25 टक्के, अशी मिळून 55 लाखांची तरतूद लागते. आणखी वर्षाने तारणावरचा दर 40 टक्के होतो आणि एकूण तरतूद 64 लाखांवर जाते. एनपीए होऊन चार वर्षं झाली की पूर्ण 1 कोटी. एवढी तरतूद झाल्यावर ते कर्ज ताळेबंदात ठेवून फक्त एनपीएचं प्रमाण फुगतं, म्हणून बँक ते काढते. त्यानंतर जी वसुली होईल, ती थेट उत्पन्नात जमा होते.

‘वसुली थांबते.’ सरफेसी कायद्याखाली तारणाची जप्ती, कर्जवसुली न्यायाधिकरण, दिवाळखोरी संहिता, हे सगळे मार्ग खुलेच राहतात. पण इथे मेसेज लिहिणाऱ्यांचा राग अगदीच अनाठायी नाही. राइट-ऑफ झालेल्या रकमेच्या मानाने वसुली तोकडीच असते, आणि तडजोडीत किंवा दिवाळखोरीच्या निकालात बँक जी रक्कम सोडते (हेअरकट), ती खरोखरच गेलेली असते. जाब विचारायचा तर त्या रकमेचा विचारायला हवा: किती सोडली, कोणाला आणि कशाच्या आधारावर.

‘आपलंही कर्ज राइट-ऑफ झालं तर सुटलो.’ या समजुतीने सामान्य कर्जदाराचं सर्वांत जास्त नुकसान होतं. क्रेडिट रिपोर्टवर (कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालावर) ‘रिटन ऑफ’ शेरा येतो आणि नवं गृहकर्ज तिथेच अडतं. थोडी रक्कम देऊन मिटवलं, तर शेरा ‘सेटल्ड’ होतो, तोही वाईटच. शक्य असेल तर पूर्ण थकबाकी भरा, नो ड्यूज सर्टिफिकेट लेखी घ्या आणि महिना-दीड महिन्याने रिपोर्ट काढून शेरा बदलला का ते पाहा. बदलला नसेल तर बँकेकडे किंवा हा रिपोर्ट देणाऱ्या (सिबिलसारख्या) क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार नोंदवा. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मागता येते.