आमच्या नावानं निवेदन, आमच्याच बिलावर डल्ला

हॉटेलवाल्यांच्या संघटनेचं निवेदन पेपरात आलं की त्यात आम्ही असतोच. कर वाढला, ग्राहकांवर बोजा पडेल. गॅस महागला, ग्राहकांच्या खिशाला झळ बसेल. लायसन्सची फी वाढली, ग्राहक तुटेल. वाचून वाटावं, ही माणसं आमच्या काळजीनं रात्रीची झोपत नसतील. मग रविवारी बायकापोरांना घेऊन आम्ही जुळे सोलापुरातल्या एसी फॅमिली रेस्टॉरंटात जातो आणि ती काळजी बिलावर छापून हातात येते.

सर्विस चार्ज १० टक्के. कशाचा ओ? ताट मागवायला तीनदा हाक मारली त्याचा? आणि हिशेब कसा लबाड आहे बघा. हजाराचं जेवण, त्यावर शंभर सर्विस चार्ज, आणि मग ५ टक्के जीएसटी तो हजारावर नाही, अकराशेवर. म्हणजे त्यांनी स्वतःहून लावलेल्या शंभरावर सरकारला पाच रुपये आम्हीच द्यायचे. हा सर्विस चार्ज ‘सीजीएसटी’, ‘एसजीएसटी’ या जीएसटीच्या ओळींना चिकटून असा छापतात की आपले वडील-काका तो सरकारी करच समजून गुमान पैसे काढतात. मॅनेजरला विचारलं तर मान वर न करता म्हणतो, "सगळेच घेऊलालेत की मालक."

सगळे घेतात म्हणून बरोबर होतं काय बे?

आणि हे पैसे वाढपी पोरांना जातात म्हणे. दारापर्यंत सोडायला आलेल्या वेटरला हळूच विचारा. मला तरी एकानं सरळ सांगितलं, "आमच्यापर्यंत काय येत नाही साहेब, द्यायचं तर हातात द्या." म्हणजे टिप वेगळी, सर्विस चार्ज वेगळा आणि पगार तो अजून वेगळ्याच कहाणीतला. पण कोर्टात उभं राहायची वेळ आली की याच वेटरला पुढं करतात.

कोर्टाची गोष्ट सांगतोच, कारण ती सोलापुरात फार कुणाला माहीत नाही आणि माहीत नाही तेच यांच्या पथ्यावर पडतंय. ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियम काढला: बिलात आपोआप सर्विस चार्ज लावायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानंही घ्यायचा नाही, देणं न देणं ग्राहकाची मर्जी. इतकं साधं. त्यावर नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे १९८२ पासूनची मोठी संघटना, आणि त्याहून जुनं हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांचं अखिल भारतीय फेडरेशन, दोघंही दिल्ली हायकोर्टात पळाले. पंधरा-सोळा दिवसांत, २० जुलैला, स्थगिती हातात! एखादा जमिनीचा दावा घेऊन आपल्या सोलापूरच्या कोर्टात चकरा मारणाऱ्या माणसाला विचारा, सोळा दिवसांत काय होतं ते. फार तर पुढची तारीख मिळते.

त्या स्थगितीच्या जोरावर पावणेतीन वर्षं वसुली चालली. मेनूवर ठळक लिहा आणि पार्सलवर घेऊ नका, या अटींसकट स्थगिती होती, पण पार्सलला लगेच ‘पॅकिंग चार्ज’ उगवला. डाळफ्रायचा एक पातळ प्लास्टिकचा डबा, त्याचे पंधरा रुपये. शेवटी २८ मार्च २०२५ ला हायकोर्टानं दोन्ही याचिका फेटाळल्या. सक्तीनं सर्विस चार्ज घेणं ग्राहकाच्या हक्काविरुद्ध आहे म्हणून सांगितलं, वर दोघांना एकेक लाखाचा दंड ठोकला. एकेक लाख! देशभरातल्या वसुलीपुढं हा दंड म्हणजे बडीशेपेची वाटी. आणि दंड भरून गप्प बसतील तर संघटना कसली, अपील झालंच.

पाण्याच्या बाटलीचं तर बोलूच नका. नाही, बोलतोच. या शहरात नळाला दिवसाआड पाणी आलं तरी सण वाटेल. उजनी धरण भरून वाहतं आणि आपण बॅरल, टाक्या, कळशा भरून बसतो. अशा गावात हॉटेलात शिरल्या शिरल्या वेटर विचारतो, "बिसलरी की साधं?" साधं म्हटलं की चेहरा पडतो आणि गढूळसा जग आपटला जातो. पोरं तोंड वाकडी करतात, मग बाटली घ्यावीच लागते. बाहेर वीसला मिळणारी आत चाळीसला. एमआरपी दाखवली तर म्हणतात, आम्हाला परवानगी आहे. आणि खरंच आहे! त्याच फेडरेशननं २००३ पासून खटला चालवून डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातून ती मिळवली. हॉटेलात माणूस नुसती बाटली विकत घ्यायला येत नाही, टेबल-खुर्ची, वाढपी, थंड हवा सगळंच वापरतो, म्हणून एमआरपीचं बंधन तिथं लागू नाही, असा तो युक्तिवाद.

बरं. मान्य. खुर्ची आणि हवेचे पैसे बाटलीत घेतलेत ना? मग सर्विस चार्ज परत कशाचा? हे मी एकटाच कुरकुरत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अपील ऐकताना दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानंही नेमकं हेच विचारलं, की वीसची बाटली शंभरला विकता ती वातावरणाच्या नावावर, मग वर सेवेचे वेगळे का?

जीएसटी आला तेव्हाचंही आठवा. जुलै २०१७, साध्या हॉटेलला १२ टक्के, एसीला १८. यांनी बोंब मारली, ग्राहक मेला, ग्राहक मेला. १० नोव्हेंबरला गुवाहाटीच्या बैठकीत दर उतरला, १५ पासून दोघांना सरसकट ५ टक्के. फक्त इनपुट क्रेडिट, म्हणजे मालावर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, काढून घेतलं, कारण त्याचा फायदा हे लोक गिऱ्हाइकाला देतच नव्हते. त्या महिन्यात आम्ही खुशीत जेवायला गेलो तर मेनू कार्डावर जुन्या दरावर नवीन चिकटपट्टी. एसीवरची तेरा टक्क्यांची सूट सोलापूरची नवी पेठ ओलांडून आमच्यापर्यंत पोचलीच नाही. तेव्हापासून संघटनेची मागणी काय, तर क्रेडिट परत द्या.

पुढचं ताजं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटातल्या पनीरवरचा कर शून्य झाला, लोणी-तुपावरचा १२ वरून ५ वर आला, बाटलीबंद पाणी १८ वरून ५ वर. क्रेडिट मिळत नाही म्हणून जे रडतात, त्यांचा खर्च तर थेटच कमी झाला. तुमच्या हॉटेलात पनीर बटर मसाला किती रुपयांनी उतरला? माझ्या बघण्यात एक रुपयानं नाही. १९ किलोचा सिलिंडर एप्रिल ते सप्टेंबर २०२५ सलग सहा महिने स्वस्त होत गेला. वाढला की दुसऱ्या दिवशी डोसा दहा रुपयांनी वर. उतरला की गल्ल्यावरचा माणूस म्हणतो, कसला सिलिंडर?

परमिट रूमवाल्यांचं वेगळंच. १४ जुलै २०२५ ला मुंबईच्या हॉटेलमालकांच्या ‘आहार’ संघटनेच्या हाकेवर राज्यभर बार बंद. दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के, लायसन्स फी १५ टक्क्यांनी जास्त, उत्पादन शुल्क ६० टक्क्यांनी. इथं सरकारनं खरोखरच जोरात ओरबाडलं, ते मी मान्य करतो. पण बघा, स्वतःवर आली तर एका हाकेत राज्य बंद करता येतं. वेटरच्या पगारासाठी, पीएफसाठी असा एक दिवस कधी पाळल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि खरी गंमत झोमॅटो-स्विगीची. जुलै २०२१ मध्ये हीच राष्ट्रीय संघटना बाजारातली दादागिरी रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाकडं गेली. २० ते ३० टक्के कमिशन कापतात, आम्हाला पर्याय ठेवत नाहीत, दादागिरी आहे. आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये चौकशीही लावली. तक्रार शंभर टक्के रास्त! न विचारता कुणी आपल्या ताटातून काढून घेतलं की कसं वाटतं, हे त्यांना नीट कळतं. एप्रिलमध्ये चौकशी लागली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आमच्याकडून १० टक्के न विचारता कापायचा हक्क मागायला हायकोर्टात गेले.

आता मी बिलावर पेनानं गोल करतो, काढा म्हणतो. मॅनेजर आधी संगणकातूनच येतं म्हणतो, मग मालकाला फोन, मग शेजारच्या टेबलावरचे बघतात, बायको पायाला पाय लावते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचं नाव घेतलं की मात्र तोच संगणक अर्ध्या मिनिटात नवीन बिल काढतो.

संघटनेवाल्यांना एवढंच, की पुढचं निवेदन घेऊन जाल तेव्हा आमचं नाव घालायचंच असेल तर सोबत २०१७ चं आणि आजचं मेनू कार्ड जोडा. आणि वेटरचं पगारपत्रकही.