अहो, खाली बसा ना!

पेरूतल्या पाराकासहून बायेस्तास बेटांना बोटीने तिसऱ्यांदा गेलो आणि तिसऱ्यांदा तेच! खडकावर समुद्रसिंह दिसला रे दिसला की अर्धी बोट ताडकन उभी. बोट एका अंगाला कलते आणि मागे बसलेल्यांना पुढच्यांची लाइफ जॅकेटं तेवढी दिसतात. वर कोणीतरी शिट्ट्या मारतो. कशासाठी? ती मादी डोळे मिटून पडलेली असते. या जानेवारीत तिच्या पोटाशी काळंभोर, ओलं पिल्लू होतं. शिट्टीने ती दचकली, मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. माझ्या पोटात गोळाच आला. कळप बिथरून पाण्याकडे धावला, तर अशी पिल्लं चेंगरून मरतात हो!

बेटांवर उतरायला बंदी आहे, ती उगाच नाही. २०२२-२३ च्या बर्ड फ्लूत पेरूच्या किनाऱ्यावर लाखो समुद्रपक्षी आणि हजारो समुद्रसिंह मेले. जे उरलेत, त्यांना तरी निवांत जगू द्या!

आणि पाणकावळ्यांच्या विष्ठेचा वास आला की ‘ईऽऽ’ करून किंचाळणारे! याच ग्वानोच्या खतावर एकोणिसाव्या शतकात या देशाची तिजोरी भरली होती.

बोटवाला मात्र ढिम्म. अरे बाबा, खडकापासून लांब थांब आणि आधी सगळ्यांना खाली बसव!