‘आय सेव्हन मिळत असताना रायझन गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एकच स्टार पाहून वाईट वाटलं, पण तुम्ही एकेक मुद्दा मांडून लिहिलंय, म्हणून मीही सविस्तर लिहितो. पहिल्यांदा गेमिंगचा पीसी घ्यायला येणारे बरेच जण हेच प्रश्न घेऊन येतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. पंचावन्न हजारांत दुसऱ्या दुकानात आय सेव्हन (इंटेलचा प्रोसेसर), ३२ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड आणि लायटिंगचं काचेचं कॅबिनेट मिळत होतं. आम्ही तेवढ्याच पैशात रायझन फाईव्ह (एएमडी कंपनीचा प्रोसेसर), निम्मी रॅम आणि साधं काळं कॅबिनेट दिलं. एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) विनाकारण खर्च करायला लावला. कोटेशनपेक्षा रॅमचे जास्त घेतले. आणि घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी.

आधी आय सेव्हन. ते दुसरं कोटेशन तुम्ही मला मोबाईलवर दाखवलं होतं. त्यातला प्रोसेसर होता आय सेव्हन ३७७०, म्हणजे इंटेलची तिसरी पिढी, साल २०१२. चार कोरचा, म्हणजे आत एकाच वेळी काम करणारे चार भाग. तुम्हाला दिलेला रायझन ५ ५६०० हा २०२२ साली आला, त्याला सहा कोर आणि बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळतो. आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन यावरून एका घरातल्या भावंडांत थोरला कोण एवढंच कळतं. कोणती पिढी ते पुढच्या आकड्यात असतं. २०२२चा आय थ्री १२१००सुद्धा चारच कोरचा आहे, तरी गेममध्ये त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो.

दुसरं म्हणजे तुमचे चिरंजीव व्हॅलोरंट खेळतात. विंडोज ११ वर हा गेम टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर उघडू देणारी सोय) चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. ३७७० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरात येणारी पहिलीच मशीन अशी अडकलेली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातली ३२ जीबी रॅमही डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची होती. पुढे मदरबोर्ड बदलला की ती नव्या बोर्डात बसत नाही, सगळी बाजूला पडते.

त्या कोटेशनमधलं ग्राफिक कार्ड जीटी ७३० होतं, २०१४ चं. त्यावर ४ जीबी लिहिलेलं असतं ते खोटं नाही, पण कार्डाची ताकद जीबीत मोजत नाहीत. डीडीआर३ मेमरीच्या जीटी ७३० मध्ये मेमरीचा वेग सेकंदाला ३० जीबीच्या आतच आहे. तुम्हाला दिलेल्या आरएक्स ६६०० मध्ये तो २२४ जीबी आहे. गेममधलं चित्र तयार करतं ते हे कार्ड. म्हणून मॉनिटर सोडून जे बजेट उरतं, त्यातला तिसरा हिस्सा, जमलं तर चाळीस टक्के कार्डावर घालायला मी सांगतो. बाकीच्या काही गोष्टी सहा महिन्यांनी घेता येतात. कार्ड एकदा हलकं घेतलं की मुलगा पहिल्या दिवसापासून सेटिंग कमी करत बसतो.

आता एसएमपीएस. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त वाद इथेच होतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. त्या दिवशी काउंटरवर दोन एसएमपीएस शेजारी ठेवून मी तुमच्या चिरंजीवांना त्यावरचे स्टिकर वाचायला लावले होते. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत बाहेर उभे होता, म्हणून इथे परत सांगतो. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यावर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ होतं. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही करंट घेतात तो याच १२ व्होल्टवरून. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाईनवर दाखवलेले असतात, त्यांचा या कामाला उपयोग नाही. आरएक्स ६६०० ला लागतात १३२ वॅट, प्रोसेसरला कागदावरच ६५. बेरीज १९७. पंखे, एसएसडी (फाइली साठवायचा ड्राइव्ह), बोर्ड अजून मोजलेच नाहीत.

शिवाय त्या एसएमपीएसला ग्राफिक कार्डाची आठ पिनची वायर नव्हती. मग लोक चार पिनच्या जुन्या मोलेक्सला कन्व्हर्टर जोडून कार्ड चालवतात. अशा जोडकामाच्या काळ्या पडलेल्या, वितळलेल्या पिना आमच्या रिपेअरिंगच्या टेबलावर येत असतात. तुम्हाला दिलेल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४४ अँपिअर आहेत, म्हणजे ५२८ वॅट. आठ पिनची वायर कंपनीचीच, वॉरंटी पाच वर्षांची. ‘ब्रॉंझ’ या शिक्क्यावर मात्र एकट्यावर कुणी जाऊ नये. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो. आतले पार्ट चांगले आहेत की नाही, ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटला सप्लाय आपोआप बंद पडतो की नाही, ते वेगळं बघावं लागतं. तुमच्या गावाकडे शेतीपंपांची वेळ झाली की व्होल्टेज खाली-वर होतं हे तुम्हीच सांगितलं होतंत. त्यामुळे या एका वस्तूत काटकसर करून द्यायला मी तयार नव्हतो, आजही नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

रॅमच्या बाबतीत तुमचा प्रश्न रास्त आहे: आठ-आठच्या दोन का, सोळाची एकच का नाही, म्हणजे पुढे वाढवता आली असती. दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. ३२०० च्या डीडीआर४ मध्ये एका स्टिकला सेकंदाला २५.६ जीबी मिळतात, दोघींना मिळून ५१.२. गेममध्ये हा फरक जाणवतो, विशेषतः मध्येच अडखळण्यात. आणि वाढवायची सोय ठेवलेली आहे. तुमच्या बी५५० बोर्डला चार स्लॉट आहेत, दुसरा आणि चौथा भरलेला, पहिला-तिसरा रिकामा. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगावर चालवायचं सेटिंग, चालू करूनच मशीन दिली आहे. ते केलं नाही तर ३२०० ची रॅम त्यापेक्षा कमी वेगावर चालत राहते आणि घरी कुणाच्या लक्षातही येत नाही.

रॅमचा भाव वाढला हे खरं आहे. २०२५ च्या शेवटापासून जगभरच मेमरीचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे मोठ्या कंपन्यांनी उत्पादन वळवलं, डीडीआर४ तर त्या आधीपासूनच कमी करत होत्या. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुम्ही कोटेशन नेलंत आणि ठरवून परत आलात, तेवढ्या दिवसांत होलसेलचा भाव बदलला होता. त्याचं खरेदी बिल मी तुमच्यासमोर ठेवलं होतं. मग पंचावन्नच्या आत बसवायला कुठेतरी कात्री लावणं भाग होतं. ती मी कॅबिनेटला लावली आणि एसएसडी एक टीबीऐवजी ५०० जीबीची केली. काच आणि लायटिंग नाही म्हणून गेमचा एकही फ्रेम कमी होत नाही. साध्या कॅबिनेटला पुढून जाळी आहे, हवा मोकळी जाते. बंद काचेच्या तोंडापेक्षा मला तीच बरी वाटते. आरजीबी (रंगीत लायटिंगचे) पंखे पुढे हवे असले तर बोर्डवर त्यांचं कनेक्शन आहे. एसएसडीसाठीही एक स्लॉट मोकळा आहे.

काळ्या स्क्रीनचं सांगतो. मशीनच्या मागे एचडीएमआयची दोन ठिकाणं दिसतात, एक वर बोर्डवर आणि एक खाली आडव्या पट्टीत ग्राफिक कार्डवर. रायझन ५ ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं, त्यामुळे वरच्या जागी केबल लावली की काहीच दिसत नाही. फोनवर ‘खाली लावा’ म्हटलं आणि चित्र आलं. मशीनमध्ये दोष नव्हता. ज्यात स्वतःचं ग्राफिक आहे तो ५६००जी, आणि ज्यांना कार्ड नंतर घ्यायचंय त्यांना मी तोच सुचवतो. पण तुमच्याकडे कार्ड होतं, आणि ५६०० ला ५६००जी च्या दुप्पट कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे.

सेकंडहँड कार्ड का दाखवलं नाही, असंही तुम्ही विचारलंय. जुनं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण घरात दुसरा पीसी नसेल तर बिघाड कार्डात आहे, रॅममध्ये आहे की एसएमपीएसमध्ये, हे अदलाबदल करून बघायला काही नसतं. पहिल्या मशीनला म्हणूनच मी सगळं नवं आणि बिलाचं देतो.

प्रोसेसर बॉक्सचा आहे, त्याला कंपनीची तीन वर्षं वॉरंटी आहे. सुटा ट्रेमधला मिळतो त्याला ती नसते. प्रत्येक वस्तूचा सिरीयल नंबर जीएसटी बिलावर टाकलेला आहे, तेव्हा बिल आणि खोकी सांभाळून ठेवा. १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घेऊन फरक वाटत नाही असं शेवटी लिहिलंय, ते चिरंजीवांना आजच बघायला सांगा: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडून रिफ्रेश रेट ६० वर असेल तर १४४ करायचा. यादीत १४४ दिसतच नसेल तर एचडीएमआय काढून मॉनिटरच्या बॉक्समधली डिस्प्लेपोर्टची केबल लावायची. तरीही जमलं नाही तर दुकानाच्या वेळेत व्हिडिओ कॉल करा, मी स्वतः बसून करून देतो.