एका भोकाचा ब्रेडबोर्ड

इलेक्ट्रॉनिक्सची सर्किटं जोडायच्या मोठ्या ब्रेडबोर्डला ८३० भोकं असतात. मी पुण्याच्या तुळशीबागेतून जो घेतला त्याला एकच होतं, तेही खिळ्याला अडकवायचं.

चूक माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. दुपारी कन्येचा मेसेज आला, ‘बाबा, येताना ब्रेडबोर्ड आण. मोठा. उद्या शाळेत हवाय.’ मागच्याच महिन्यात शाळेत बिनगॅसच्या पाककृतींची स्पर्धा होती, तेव्हा रात्री दहाला काकड्या शोधत फिरलो होतो. तर म्हटलं, आता सँडविच. चांगला जाडजूड शिसवी पाट घेतला, साडेचारशेचा घासाघीस करून तीनशे ऐंशीला, आणि फुशारकीने फोटो पाठवला. उत्तरात आधी कपाळावर हात मारणारी तीन चित्रं आली, मग ‘बाबा!! इलेक्ट्रॉनिक्सचा!! तापकीर गल्ली!!’ पावतीवर छापलेलंच होतं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

तापकीर गल्लीतल्या त्या दुकानात डिप्लोमाच्या पोरांची दोन थर गर्दी. हात भरून आला म्हणून मी पाट काउंटरवर टेकवला. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, “काका, कांदे पलीकडच्या गल्लीत.” पोरं हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

एवढ्यावर भागलं असतं. पण माझ्या शेजारी एक आजोबा उभे होते. बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर, हातात पिशवी, पिशवीत ट्रान्सफॉर्मर. त्यांनी पाट उचलला, नारळ वाजवतात तसा वाजवून पाहिला आणि पोरांकडे वळून गरजले, “हाच! हाच खरा ब्रेडबोर्ड!”

“आजोबा, तो चुकून...”

“चुकून नाही, बरोबर आणलात! अमेरिकेत घरी रेडिओ जोडणारे लोक काय करायचे? स्वयंपाकघरातला पाव कापायचा पाट पळवायचे. त्यावर खिळे ठोकायचे, खिळ्यांना तारा गुंडाळायच्या, झालं सर्किट. म्हणून ब्रेडबोर्ड. आता आमच्या घरी पाव कुठला? मी आईचा पोळपाट घेतला.”

“पोळपाटावर रेडिओ?” मी विचारलं. हे मात्र चुकलं.

“क्रिस्टल सेट! कॉइल इथे. डायोड इथे. हेडफोनच्या तारा इथे आणि इथे.” प्रत्येक ‘इथे’ला त्यांच्या बोटातली अंगठी माझ्या नव्याकोऱ्या पाटावर टक्कन वाजत होती. “अर्थिंग नळाला, एरियल गच्चीवर. ना बॅटरी, ना वीज. पुणे केंद्र खणखणीत!”

“आणि पोळ्या?” एका पोराने विचारलं.

“आई म्हणाली, खिळे काढ. काढले. भोकं राहिली. पुढं वर्षभर आमच्याकडे प्रत्येक पोळीवर सात ठिपके. पाहुणे विचारायचे, ही कुठली पद्धत? आई सांगायची, आमच्या माहेरची.”

वीस मिनिटं. तेवढ्यात माझ्या मागचे सगळे माल घेऊन गेले. शेवटी आजोबा म्हणाले, “विकता का? शंभर देतो.” तीनशे ऐंशीची पावती खिशात असताना मी बाणेदारपणे नाही म्हटलं. पायऱ्या उतरता उतरता ते मागे वळले. “आणि हं, मधे तुटलेला असतो. जोडून घ्या!” मी पाट उलटासुलटा करून पाहिला. कुठे चीरसुद्धा नव्हती. वय झालंय, म्हटलं.

प्लॅस्टिकचा खरा ब्रेडबोर्ड एकशेवीसला मिळाला. रात्री कन्येने मला शिकवलं, आडव्या ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली, मधल्या खाचेवर ट्रिपल फाइव्हची आयसी, म्हणजे दिवे लुकलुकवणारी चिप, दोन्हीकडे पाय टाकून बसवायची, कडेच्या लाल-निळ्या रेघांवर बॅटरी. सहा एलईडी लुकलुकायला हवे होते. तीनच लुकलुकले. एलईडी बदलले, बॅटरी बदलली, आयसी उपटली तर तिचा एक पाय वाकला. साडेअकराला बायको येऊन पाहून गेली, काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

पावणेबाराला माझं लक्ष त्या लाल रेघेकडे गेलं. ती बोर्डाच्या बरोबर मध्यावर तुटली होती. वरची रेघ तुटलेली, म्हणजे आतली वीज नेणारी पट्टीही तुटलेली. इंचभर वायरचे दोन तुकडे लावले आणि सहाही लागले.

म्हातारा सांगून गेला होता! पण अहो, पाकिटावर एक ओळ छापायला काय जातं? आणि या नावाचं काय? भोकांचा हा पांढरा बोर्ड १९७१ साली रोनाल्ड पोर्तुगाल नावाच्या अमेरिकन माणसाने आणला. लाकूड गेलं, खिळे गेले, पाव तर कधीच गेला होता. त्याच वेळी नाव बदलायला कोणी हात धरला होता? आणि आठवीच्या पोरांना गुरुवारी प्रकल्प सांगून शुक्रवारी मागणारी ही कुठली शाळा? पोरं झोपतात आणि बाप खाचेत आयसी बसवत असतात.

काल वही परत आली. ‘सुबक. परंतु पालकांची मदत जाणवते. ७/१०.’

शिसवी पाट ओट्यावर भिंतीला टेकून आहे. “आपण विळीवर चिरतो,” एवढंच बायको म्हणाली. आजोबांचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता. शंभर तर शंभर.